चेक इंजिनचा दिवा लागल्यावर आधी काय तपासायचं

स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड आला, आणि मिश्रणाची खबर ऑक्सिजन सेन्सर देतो एवढं ठाऊक असल्यामुळे सेन्सर बदलून टाकला. दोन दिवसांत दिवा पुन्हा लागला. शिकायला सुरुवात केली तेव्हा ही चूक मी केली होती. पी०१७१ चा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. सेन्सर तेच सांगत होता आणि खरं सांगत होता. जादा हवा शिरत होती ती इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) मागे, वाकून पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या एका तडकलेल्या रबरी नळीतून.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की आहे. कोड ही ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची, तक्रार असते. तक्रार कशाबद्दल आहे ते त्यातून कळतं, दोष कुठे आहे ते मात्र मोजूनच ठरवावं लागतं. काय मोजायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे सांगतो. चांगला डिजिटल मल्टिमीटर, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि त्या गाडीचा वायरिंग डायग्राम एवढं हाताशी असलं की बहुतेक बिघाडांपर्यंत पोहोचता येतं.

ईसीयूला काय दिसतं

ईसीयूला इंजिन दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते तारांवरचे व्होल्ट. कूलंटचं तापमान, मॅनिफोल्डमधला दाब, थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडलाय, हे सगळं त्याला बहुतेक करून ० ते ५ व्होल्टच्या भाषेत समजतं, आणि ते ५ व्होल्ट सेन्सरला पुरवतोही तोच. क्रँक सेन्सरवरून त्याला इंजिनचा वेग आणि पिस्टनची जागा कळते, कॅम सेन्सरवरून कोणता सिलिंडर कोणत्या स्ट्रोकवर आहे ते कळतं. त्यावरून तो इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवतो. साध्या पेट्रोल इंजिनात, इंजिन गरम होऊन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना इंजेक्टर साधारण २ ते ४ मिलिसेकंद उघडतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला निकाल कळवतो आणि पुढचा हिशेब त्याप्रमाणे दुरुस्त होतो.

याचा एक परिणाम नीट लक्षात घ्यायला हवा. कूलंट सेन्सरच्या कपलरमधली (तारांच्या जोडातली) पिन गंजली, तर तिथला रोध वाढतो. रोध वाढला की ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटतं. मग तो पेट्रोल वाढवतो, गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज पडतं. कोड मात्र येईलच असं नाही, कारण ४० अंश हा आकडा अशक्य थोडाच आहे? ईसीयू अशक्य वाटणारी किंवा बाकीच्या माहितीशी न जुळणारी गोष्ट पकडतो. शक्य वाटणारी चुकीची गोष्ट तो मुकाट्याने खरी मानतो.

हात घालण्याआधी

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू ठेवायचं असेल तर जागा मोकळ्या हवेची. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा किल्ली बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तिथे बोटं घालू नका. इग्निशन कॉइलमधून हजारो व्होल्ट बाहेर पडतात. चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगची वायर उपसून ठिणगी पाहण्याची जुनी सवय तुम्हालाही धोक्याची आणि ईसीयूलाही. चालू इंजिनावर बॅटरीची केबलही काढू नका. अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि ईसीयू जळू शकतो.

कॉमन रेल डिझेलबद्दल (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं) जास्त कडक बोलावं लागेल. आयडलवरसुद्धा रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो आणि लोडवर तो हजार बारच्या कितीतरी वर जातो. बारीक भेगेतून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आत ऊतक नासायला लागतं आणि त्याला तातडीने शस्त्रक्रिया लागते. जुन्या डिझेल इंजिनांवर पाइप ढिला करून सिलिंडर तपासत असत, ते इथे कधीही करायचं नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांनाही हाच नियम. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारा आणि एअरबॅगचे पिवळे कपलर यांना त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नका.

पहिली पायरी: चालवणाऱ्याला विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाडी थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? चढावर की सिग्नलला उभी असताना? पावसानंतर सुरू झालं का? त्याआधी काही काम केलं होतं का, बॅटरी बदलली, अलार्म बसवला, इंजिन धुतलं? टाकीत इंधन कधी भरलं? दिवा नुसता लागून राहिलाय की लुकलुकत होता?

या शेवटच्या प्रश्नाला वेगळं महत्त्व आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) इतका जोरदार आहे की न जळलेलं इंधन एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. कन्व्हर्टर अतितापून आतून वितळू शकतो. अशी गाडी 'जरा चालवून बघतो' म्हणून रस्त्यावर काढायची नाही.

त्यानंतर शक्य असेल तर बिघाड स्वतः अनुभवा. जो बिघाड तुम्ही पाहिलेला नाही, तो गेला की नाही हे तुम्हाला नंतर सांगता येणार नाही.

दुसरी पायरी: डोळे, कान, नाक

बॉनेट उघडा आणि पाच मिनिटं कशालाही हात न लावता बघा. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची हवेची नळी नीट बसली आहे का, तिच्या घड्यांमध्ये चीर आहे का, कुठली बारीक व्हॅक्यूम नळी सुटून लोंबते आहे का. तारांची जुडी एक्झॉस्टला टेकून वितळली आहे का. उंदरांनी कुरतडलेली वायर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडेल. कपलरचं लॉक तुटलेलं, आत पाणी, हिरवी बुरशी धरलेली पिन. ऑइल आणि कूलंटची पातळी बघा. ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल तर मिश्रण बरेच दिवस रिच, म्हणजे जादा पेट्रोलचं, चाललंय.

इंजिन सुरू करून सूं असा आवाज येतो का ते ऐका. एअर फिल्टर उघडून बघायला काही क्षण लागतात, तेही करून टाका.

तिसरी पायरी: बॅटरी आणि अर्थिंग

कोड वाचण्याआधी हे का, असं कोणी विचारेल. कारण कमी व्होल्टेजवर ईसीयू भलभलते कोड टाकतो, आणि ते कोड घेऊन तुम्ही दिवसभर चुकीच्या जागी खणत बसता.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्म्यावर आली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता मीटर तसाच ठेवून सेल्फ मारायला लावा. व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी किंवा स्टार्टर आधी बघायचा. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा ताबाही ईसीयूकडे असतो आणि आकडा मुद्दाम खाली-वर होतो, म्हणून तिथे हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून मग वाचा.

अर्थिंगवर थोडं जास्त बोलतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. अर्थची केबल तपासायला लोक मीटर ओहमवर लावतात, शून्याच्या जवळचा आकडा येतो, केबल पास होते. पण ओहम मोजताना मीटर त्या केबलमधून अगदी किरकोळ करंट सोडतो. केबलमधली एकच तार शाबूत असली तरी त्या करंटला ती पुरते. स्टार्टरला मात्र शंभराच्या वर अँपिअर लागू शकतात. म्हणून केबल कामावर असतानाच तपासायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लँपवर नव्हे, थेट खुंटीवर), दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारायला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढा व्होल्टेज केबलमध्ये किंवा तिच्या जोडांमध्ये वाया जातोय. तसंच ईसीयूच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, इंजिन चालू आणि दिवे-पंखे चालू ठेवून मोजा. तिथे ०.१ व्होल्टच्या वर गेलं की जोड सोडवून घासून पुन्हा घट्ट करायचा. सेन्सरचे सगळे हिशेब याच अर्थला शून्य मानून होतात. तो शून्यच वर सरकला तर प्रत्येक सेन्सर थोडं थोडं खोटं बोलायला लागतो.

चौथी पायरी: कोड वाचा, पुसू नका

ओबीडीचं, म्हणजे स्कॅनर लावायचं, १६ पिनांचं सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली असतं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना हे सक्तीचं झालं, युरोपात २००१ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना आणि २००४ पासून डिझेलला. स्कॅनर सुरूच होत नसेल तर सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा व्होल्टेज आणि ४ नंबरवर अर्थ आहे का ते बघा. बऱ्याच गाड्यांत ही लाइन आणि लायटरचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतात. स्कॅनर सुरू झाला पण ईसीयू बोलत नसेल, तर बॅटरी सोडवून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रोध मोजा. कॅन लाइनच्या (ज्या दोन तारांवरून गाडीतली मॉड्यूलं आपसात बोलतात तिच्या) दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध समांतर असतात, त्यामुळे साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध गेलाय. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत या पिना गेटवेमागे (मध्ये बसलेल्या वेगळ्या मॉड्यूलमागे) असतात, तिथे हा आकडा वेगळा येईल, म्हणून आधी डायग्राम बघा.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे मॉड्यूलमधला संवाद. पुढचा अंक ० असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच. १ असेल तर अर्थ त्या कंपनीच्या यादीतच शोधायचा. तिसऱ्या जागेवर १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, ४ म्हणजे प्रदूषण नियंत्रण. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०३ तिसऱ्याचा, पी०३०० म्हणजे कुठला एक सिलिंडर नक्की सांगता येत नाही असा.

याहून उपयोगी आहे ते कोडच्या वर्णनातले शब्द नीट वाचणं. मी मनातल्या मनात कोडचे तीन गट करतो. ज्यात 'सर्किट हाय' किंवा 'सर्किट लो' लिहिलंय ते विजेचे कोड. पी०११८ म्हणजे कूलंट सेन्सरच्या तारेवर व्होल्टेज फार वर, म्हणजे बहुधा तार तुटली किंवा कपलर सुटला. पी०११७ म्हणजे व्होल्टेज फार खाली, बहुधा तार अर्थला चिकटली. इथे थेट मीटर घेऊन वायरिंगकडे जायचं. दुसरा गट 'रेंज' किंवा 'परफॉर्मन्स'वाला, उदाहरणार्थ पी०१०१. सेन्सरचं म्हणणं शक्य कोटीतलं आहे, पण बाकीच्यांच्या साक्षीशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. तिसरा गट परिणाम सांगणाऱ्यांचा. पी०१७१, पी०३००, पी०४२० हे त्यातले. दोष कुठल्या भागात आहे ते यांत सांगितलेलं नसतं, आणि अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा सपाटा सर्वांत जास्त याच गटात चालतो.

एकदम चार-पाच सेन्सरांचे कोड आले तर चार-पाच सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय ते डायग्रामवर शोधा. ५ व्होल्टची तार, अर्थ, फ्यूज किंवा कपलर, यांपैकी काहीतरी निघतं. एखादा सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो. अशा वेळी ५ व्होल्टच्या तारेवर मीटर लावून एकेक सेन्सर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो धरायचा.

कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही लिहून घ्या. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, लोड किती होता, हे त्यात साठवलेलं असतं. सगळं लिहून घेईपर्यंत 'इरेज'चं बटण दाबू नका. कोड पुसले की फ्रीझ फ्रेम जाते, ईसीयूने शिकलेली दुरुस्ती बऱ्याच गाड्यांत शून्यावर येते, आणि ज्या पुराव्यावर तपास करायचा तोच हातातून जातो.

पाचवी पायरी: लाइव्ह डेटा

सुरुवात थंड इंजिनापासून करा. रात्रभर उभ्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेरचं तापमान एकमेकांपासून फार तर पाच-सहा अंशांनी वेगळं असावं. एखादा २५ अंशांनी वेगळा दिसला, तर कोड असो नसो, तो संशयित. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) हवेचा दाब दाखवावा. समुद्रसपाटीला तो १०० किलोपास्कलच्या आसपास, हजार मीटर उंचीवर ९० च्या जवळ. गरम इंजिन आयडलवर आलं की साध्या पेट्रोल इंजिनात हाच आकडा ३० ते ४० पर्यंत खाली येतो. मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर आयडलवर दर लिटर क्षमतेला सेकंदाला साधारण १ ग्रॅम किंवा थोडी जास्त हवा दिसते. ऑक्सिजन सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली झुलतो. वर म्हणजे रिच, खाली म्हणजे लीन (इंधन कमी). कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर बराचसा स्थिर राहायला हवा. तोही पुढच्यासारखा झुलायला लागला की पी०४२० येतो. पण कन्व्हर्टरवर शिक्का मारण्याआधी एक्झॉस्टची गळती आणि मिसफायर बघून घ्या, आणि कन्व्हर्टर खरंच गेला असेल तर तो कशाने गेला तेही शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

आता फ्यूएल ट्रिम. पेट्रोल इंजिनावर मला एकच आकडा बघायची मुभा दिली तर मी हा मागेन.

ईसीयूने हिशेबाने ठरवलेल्या इंधनात ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून त्याला किती टक्के भर घालावी लागली किंवा किती कपात करावी लागली, ते ट्रिम सांगतो. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोघांची बेरीज बघायची. बेरीज उणे ५ ते अधिक ५ मध्ये असेल तर छान, १० पर्यंत चालेल, त्यापुढे कारण शोधायचं. अनेक गाड्यांत बेरीज २५-३० च्या आसपास गेली की कोड पडतो.

खरी मजा आयडल आणि वाढलेला वेग यांच्या तुलनेत आहे. समजा आयडलवर बेरीज अधिक २२ आहे आणि २,५०० आरपीएमला ती अधिक ४ वर येते. याचा अर्थ मॅफ सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा शिरते आहे. आयडलवर इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, त्यामुळे भोकातून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा. थ्रॉटल उघडला की एकूण हवा कितीतरी वाढते, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमही कमी होतो, आणि भोकाचा वाटा नगण्य होतो. आता उलट चित्र घ्या. आयडलवर अधिक ३, आणि चढावर किंवा जोरात पळवताना अधिक २०. इथे भोक शोधत बसू नका. मागणी वाढली की पुरवठा पुरत नाहीये, म्हणजे फ्यूएल पंप, फिल्टर, नाहीतर मळलेला मॅफ सेन्सर, जो जास्त हवेला कमी मोजतो. इंधनाचा दाब गेजने मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये तो बहुधा ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. ट्रिम सगळीकडे उणे १५ असेल तर इंधन जादा येतंय: टपकणारा इंजेक्टर, वाढलेला दाब, उघडाच अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), किंवा पेट्रोल मिसळलेल्या ऑइलची वाफ.

इथे तीन फसव्या जागा आहेत. ज्या इंजिनाला मॅफ नाही, फक्त मॅप सेन्सर आहे, तिथे शिरलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते आणि मॅप तीही मोजतो. म्हणून अशा इंजिनात गळतीने ट्रिम फारसा बिघडत नाही, आयडल मात्र चढतं. दुसरं, ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर लीन सांगतो. तिसरं, मिसफायर होणाऱ्या सिलिंडरचा न वापरलेला ऑक्सिजनही सेन्सरला लीनच वाटतो. म्हणून मिसफायर असेल तर आधी तो मिटवा, मग ट्रिम वाचा.

हवेची गळती शोधायला धूर सोडणारं यंत्र सर्वांत खात्रीचं. बरेच जण कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का ते बघतात. गरम एक्झॉस्टवर ते पेट घेऊ शकतं, म्हणून नवख्यांना मी तो मार्ग सांगत नाही.

सहावी पायरी: सेन्सर की वायरिंग

लाइव्ह डेटाने एका सेन्सरकडे बोट दाखवलं तरी तो अजून बदलायचा नाही. तीन तारांच्या सेन्सरला तीन प्रश्न विचारा. कपलर काढून एका पिनवर ५ व्होल्ट आहेत का? दुसऱ्या पिनवर चांगला अर्थ आहे का? आणि कपलर लावून, सुईने मागच्या बाजूने शिरून, सिग्नलच्या तारेवर व्होल्टेज हवा तसा बदलतो का? पहिली दोन उत्तरं 'हो' आणि तिसरं 'नाही' आलं, तरच सेन्सर गेला असं म्हणायचं. मीटर १० मेगाओहम रोधाचा घ्या. बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या तारांवर लावू नका, तो ओढत असलेला करंट ईसीयूला झेपेलच असं नाही. तारेचं कातडं टोचून मोजलं तर ते भोक नंतर बंद करा, नाहीतर पाणी शिरून सहा महिन्यांनी तिथेच नवा बिघाड तयार होतो.

तापमानाच्या दोन तारांच्या सेन्सरसाठी तर मीटरही लागत नाही. स्कॅनरवर कूलंटचं तापमान ठेवून कपलर काढा. आकडा उणे ४० अंशांवर जायला हवा. आता कपलरमधल्या दोन्ही पिना छोट्या तारेने एकमेकींना जोडा. आकडा १३० च्या वर उडायला हवा. (कपलर कोणता ते आधी पक्कं ठरवा, दुसऱ्याच कपलरवर हा प्रयोग केला तर नुकसान होईल.) दोन्ही टोकांना आकडा गेला म्हणजे तारा आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सर वाईट. नाही गेला तर सेन्सर निर्दोष, तारेत बघा. सेन्सरचा स्वतःचा रोध मोजायचा असेल तर साधारण २० अंशांना २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो.

मिसफायरला अदलाबदल

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात पी०३०१ आला, तर इंजिन बंद करून पहिली आणि दुसरी कॉइल आपसात बदला. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. तसाच राहिला तर प्लग बदलून बघा, मग जिथे सहज काढता येतो तिथे इंजेक्टर. तरीही मिसफायर पहिल्यालाच चिकटून राहिला तर कॉम्प्रेशन तपासा. एकाच वेळी कॉइल आणि प्लग दोन्ही हलवू नका, मग दोष कोणाबरोबर गेला ते कळत नाही. प्लग काढलाच आहे तर त्याचं टोक नीट बघा: कोरडी काजळी म्हणजे रिच, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, आणि पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाहेर पळतेय.

सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही

सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. साधारण १५० ते २५० दिसायला हवेत. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायरिंग. ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नसल्यामुळे तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते, हेही बऱ्याचदा क्रँक सेन्सरचंच लक्षण. दोन तारांच्या जातीत आतली गुंडाळी गरम झाली की तुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. म्हणून तो बिघडलेला असतानाच मोजा. आरपीएम येत असेल तर इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, फ्यूएल पंपाचा आवाज आणि दाब, मग ठिणगी, हा क्रम. कॉमन रेल डिझेलमध्ये रेलचा दाब बघा. सेल्फवर तो साधारण १५० ते २०० बारपर्यंत चढला नाही तर अनेक ईसीयू इंजेक्टर उघडतच नाहीत. पी००१६ सोबत असेल तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय. टायमिंग तपासल्याशिवाय सेल्फ मारत राहू नका.

कधी येतो, कधी जातो

हे सर्वांत चिकाटीचं काम. लाइव्ह डेटा रेकॉर्डिंगला लावा आणि इंजिन चालू असताना तारांची जुडी वीतभर-वीतभर हलवत जा, कपलर हळूच वाकवा. कुठे आकडा उडी मारतो त्यावर लक्ष ठेवा. संशयित भागाला हेअर ड्रायरने ऊब द्या. पावसाचा संबंध असेल तर कपलरभोवती थोडं पाणी शिंपडा. कपलरची मादी पिन सैल झाली आहे का, हे त्याच मापाची सुटी नर पिन घालून बघता येतं; ती सहज घसरून बाहेर आली तर पकड गेली आहे. बिघाड येतच नसेल तर गाडीवाल्याला तसं स्पष्ट सांगा आणि पुन्हा झालं तर कोणत्या परिस्थितीत झालं ते लिहून ठेवायला सांगा. अंदाजाने भाग बदलून त्याचे पैसे खर्च करणं बरोबर नाही.

ईसीयूचा नंबर सर्वांत शेवटी. त्याला येणारा बॅटरीचा व्होल्टेज, त्याचे सगळे अर्थ आणि आत जाणारे सिग्नल बरोबर असूनही बाहेर आदेश पडत नसेल, तेव्हाच त्याच्यावर संशय घ्या. आणि बदलण्याआधी तो कशाने जळला ते शोधा. शॉर्ट झालेली कॉइल किंवा इंजेक्टर तसाच ठेवला तर नवा ईसीयूही जळेल.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल किंवा बदलली असेल तर त्या गाडीची आयडल शिकवण्याची पद्धत करा, नाहीतर आयडल चढं राहील. मग ज्या परिस्थितीत बिघाड येत होता, त्याच परिस्थितीत गाडी चालवा. फ्रीझ फ्रेमची नोंद इथे कामी येते. परत येऊन ट्रिम वाचा आणि 'पेंडिंग' कोड बघा. बऱ्याच कोडना दिवा लावायला दोन फेऱ्यांमध्ये तोच दोष दिसावा लागतो, त्यामुळे दिवा विझलेला असतानाही दोष पेंडिंगमध्ये बसलेला असू शकतो. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झाले आहेत का तेही बघा. ते 'अपूर्ण' असेपर्यंत ईसीयूने ती तपासणी केलेलीच नाही. कॅटॅलिस्ट आणि इंधनाच्या वाफेच्या मॉनिटरना थंड इंजिनापासून सुरुवात, काही वेळ एकसारखा वेग आणि काही वेळ आयडल, असं सगळं मिळावं लागतं, त्याला कधी दोन-तीन दिवस जातात. गाडी परत देताना हे सांगून ठेवा, आणि दुरुस्तीनंतरचे ट्रिम, बॅटरीचा व्होल्टेज आणि मॅप-मॅफचे आकडे वहीत उतरवून घ्या. त्याच मॉडेलची दुसरी गाडी येईल तेव्हा 'ठीक' म्हणजे किती, याचा आकडा तुमच्या वहीत असेल.